सीलबंद खर्ज

धम्मपाल गांगुर्डेने अकरा वर्षांत एकदाही स्वतःची सही मागे घेतली नव्हती. अंबडला गाड्यांच्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो गेज रूम सांभाळायचा. गेज रूम म्हणजे मापं घेणाऱ्या साधनांचीच मापं घेणारी खोली. एकापाठोपाठ दोन दारं, आत बाराही महिने वीस अंश. मे महिन्यात कामगार काहीतरी निमित्त काढून तिथे डोकावायचे आणि धम्मपाल त्यांना हाकलायचा. माणसाच्या अंगाच्या उष्णतेने खोली बिघडते, असं त्याचं म्हणणं होतं. लोक त्याला मागून ‘मायक्रॉन’ म्हणत. पुढूनही म्हणत. त्याला ती पदवी वाटायची.

घरी, जेलरोडच्या दोन खोल्यांत, हाच माणूस इलेक्ट्रॉनिक संगीत करायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या त्याच्या आईने, लताबाईंनी, एकदा हेडफोन लावून एक अख्खा तुकडा ऐकला आणि म्हणाल्या, “छान आहे रे. पण गाणं कधी सुरू होणार?” वर्षातून दोनदा तो पुण्याला जाऊन चाळीस माणसांपुढे वाजवायचा. त्यांतले तीस जण आपली पाळी कधी येते याची वाट बघणारे वाजवणारेच असायचे.

खालच्या सुरांचा कान आणि दुसऱ्याच्या वस्तूत खोट काढायची हौस, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असलेला नाशिकमध्ये तेवढा एकच. म्हणून उत्तरा गायधनीने स्वतः बनवलेला वाद्याचा डबा त्याच्याकडे आणला.

उत्तरा आणि तो तंत्रनिकेतनात एका वर्गात होते. तिचे वडील गोविंदगुरुजी पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करायचे. सिन्नरच्या एका कंपनीतली नोकरी सोडून तिने घराच्या माडीवर, यजमानांच्या बॅगा ठेवायच्या खोलीत, सोल्डरिंगचं टेबल मांडलं त्याला चार वर्षं झाली होती. खालून कापराचा वास वर यायचा आणि वरून सोल्डरचा खाली जायचा. यजमानांनी विचारलं की गुरुजी सांगायचे, “मुलगी घंटा बनवते. विजेवरची.”

चार वर्षांनी जी घंटा तयार झाली तिचं नाव तिने ‘खर्ज’ ठेवलं होतं. पोळ्यांच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, पुढे रबराच्या तेरा पट्ट्या, वर सात नॉब. आत कॉम्प्युटर नाही, साठवलेले आवाज नाहीत. सर्किटातून वीज जशी थरथरेल तसा आवाज, आणि तोही फक्त खालचा. वरचे सूर ज्याला हवेत त्याने दुसरीकडे जावं.

“पुढच्या सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी प्रफुल्लकडे पत्रे कापायला लागणार,” उत्तरा म्हणाली. प्रफुल्लचं अंबडमध्येच पत्राकामाचं वर्कशॉप होतं. “दोनशे पेट्यांचे. त्याचं लेझर मशीन त्या एकाच पाळीला मोकळं आहे. नंतर दीड महिना मोठ्या कंपनीचं काम. आणि दोनशे लोकांना मी जूनअखेरचा शब्द दिलाय.”

“आठ वाजून दहा?”

“बाबांनी मुहूर्त काढलाय.”

“त्याला फर्स्ट शिफ्ट म्हणतात.”

“तुमच्याकडे फर्स्ट शिफ्ट, आमच्याकडे मुहूर्त. तू फक्त सांग, पास की नापास. पत्रा एकदा कापला की कापला. माझ्याकडे दुसऱ्यांदा कापायची सोय नाही, धम्मा.”

धम्मपालने पेटी उचलून सगळ्या बाजूंनी पाहिली. सातव्या नॉबवर त्याचं बोट थांबलं.

“हा कशाचा?”

“सूर लावायचा. आवाज थोडा वर-खाली सरकला तर फिरवून जागेवर आणायचा.”

“बाहेर?”

“मग कुठे? शेजारच्या घरात?”

“आत. लोकांना गरज नसताना फिरवायची सवय असते.” तो गंभीरपणे म्हणाला. गेज रूमचा हा पहिला धडा होता. कुठल्याही गेजचा जुळवणीचा स्क्रू आत असतो. तो एकदा लावला की त्यावर लाल लाखेचा थेंब टाकायचा, म्हणजे यंत्रावरच्या माणसाने आपलं माप चुकतंय म्हणून गेजलाच पिळू नये. “साधन बरोबर असेल तर ते फिरवायची गरज काय? आणि फिरवायची गरज असेल तर ते पास कसं होणार?”

उत्तराला यावर उत्तर असावं. पण चार वर्षं एकटीने काम केलेल्या माणसाला कुणी ठामपणे बोललं की ते खरं वाटायला लागतं. मंगळवारी तिने नॉब काढला, त्या जागी आत पिटुकला स्क्रू बसवला, वरच्या पत्र्यातलं त्याचं भोक बुजवलं आणि ड्रॉइंगमधूनही ते भोक पुसून टाकलं. धम्मपालने सूर लावला, स्क्रूवर लाखेचा थेंब टाकला, झाकण बंद केलं आणि चारही स्क्रूंवर आपली पट्टी चिकटवली. ‘सील तुटल्यास अहवाल रद्द समजावा.’ खाली सही.

बुधवारी खर्जने विश्रांती घेतली. कुठलीही वस्तू मोजण्याआधी चोवीस तास गेज रूममध्ये ठेवायची, म्हणजे ती खोलीच्या तापमानाला येते, हा नियम. पेटी काचेच्या कपाटात मायक्रोमीटरांच्या शेजारी गारेगार पडून राहिली. तिच्याएवढं सुख त्या दिवशी अंबडमध्ये कुणालाच नव्हतं.

गुरुवारी रीतसर रजा टाकून तो गेज रूममध्येच बसला. दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर आठ तासांत खर्ज दीड भागसुद्धा हलला नव्हता. दीड! धम्मपालने उपकरण तपासलं, स्वतःला तपासलं, पुन्हा मोजलं. दीडच.

मग वाजवायला बसला आणि जेवायचं विसरला. सगळ्यात खालची पट्टी दाबली की आवाज कानात येण्याआधी टेबलाला कळायचा. एका नॉबने आवाजाचा वरचा कडकपणा गाळून टाकता यायचा. पूर्ण गाळला की पोटात फक्त एक गोल दाब उरायचा, आणि हळूहळू सोडला की घशातून खाकरत कुणीतरी जागं होतंय असं वाटायचं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताना इतर यंत्रं जिन्याच्या पायऱ्या उतरतात, हा घसरगुंडीवरून जायचा. नॉब अर्ध्यावर असताना मात्र एक बारीक खरखर यायची. तिची नोंद त्याने दोष म्हणून केली आणि पुढे तासभर मुद्दाम तीच वाजवत बसला.

शुक्रवारी अहवाल तयार झाला. अकरा पानं, त्यांतली नऊ तक्त्यांची. निष्कर्ष: पास. उत्तराने गेटवर उभं राहून तो वाचला आणि शेवटच्या पानावर थबकली.

“‘आवाज: योग्य.’ हे काय आहे?”

“योग्य आहे.”

“चार वर्षं, धम्मा! योग्य म्हणजे काय? जावई बघायला आलायस का?”

“पास झालाय ना? मग.”

ती पास झाल्याच्या आनंदात होती म्हणून तेवढ्यावर भागलं.

त्याच संध्याकाळी गेज रूमच्या दारावर टकटक झाली. बाहेर पॅकिंग विभागातला देवराम उभा होता. देवराम हरसूलचा. आठवडाभर खोकी बांधायचा आणि लगीनसराईत रजा काढून आपली बेंजो पार्टी चालवायचा. पिकअप गाडी, तिच्यावर भिंतीएवढे स्पीकर, मागे जनरेटर, आणि मधोमध टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा तारांचा बेंजो घेऊन देवराम. त्र्यंबकच्या डोंगराळ भागात त्याच्याशिवाय हळद लागत नव्हती.

“साहेब, आत म्हैस बांधली का?” देवरामने विचारलं. “काल दोन दारांतून आवाज येत व्हता. माझी खोकी हालली.”

“चाचणी होती.”

“द्या मला. रविवारी हळद हाय. आमच्या कीबोर्डाची खालची पट्टी मेली. माझा बेंजो वर एकटाच किणकिण करतोय, खाली काय नाय. नुसता पापड, भाजीच नाय.”

“हा नमुना आहे, देवरामदादा. बाहेर देता येत नाही.”

देवरामने हुशारी केली. त्याने तिथेच उभं राहून पेटीच्या मालकिणीला, म्हणजे उत्तराला, फोन लावायला लावला. उत्तरा एका वाक्यात तयार झाली.

“दे. पत्रे कापायच्या आधी त्याच्यावर कुणीतरी नाचलेलं मला हवंय. मी आले असते, पण रविवारी माडीवर अकरा यजमान आहेत.”

“अगं, पण अहवाल झालाय. अहवालानंतर चाचणी कशी?”

“‘योग्य’वर कुणी नाचत नाही, धम्मा. दे त्यांना.”

धम्मपालने पेटी दिली, पण एकटी पाठवली नाही. स्वतःच वाजवायला जायचं ठरवलं. शनिवारी त्याने हळदीची आठ गाणी बसवली. रविवारी सकाळी मोटारसायकलवर फोमच्या पेटीत खर्ज आणि खिशात थर्मामीटर घेऊन निघाला. थर्मामीटर कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. काही माणसं रुमाल घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, तसं.

दुपारी तीनला मांडवापुढे गाडी लागली. नवरदेव पाटावर पिवळा होऊन बसला होता. त्याची आत्या नवसाबाई सगळ्यांच्या पुढे, कमरेला पदर खोचून, हातात हळदीचं ताट घेऊन येईल त्याला रंगवत होती. धम्मपालच्या पांढऱ्या शर्टावर पहिल्या मिनिटाला पाच बोटं उमटली.

“बामनाच्या लग्नाला आलाय का इस्त्री करून?” नवसाबाई म्हणाली.

“बाई, मी बौद्ध आहे.”

“मग तर नाचाय आलंच पाह्यजे. वाजव.”

त्याने गाडीवर चढून खर्ज पत्र्यावर ठेवला, वायर जोडली आणि पहिला सूर दाबला. स्पीकरच्या भिंतीतून तो असा आला की मांडवाच्या कळकाला बांधलेले आंब्याचे डहाळे हलले. एक म्हातारा छातीवर हात ठेवून खाली बसला, आणि हसत परत उठला. देवरामने धम्मपालकडे पाहून डोळा मारला आणि बेंजो सोडला. वर बेंजो, खाली खर्ज. नाचणाऱ्यांची रांग सरळ होती ती वळली, वळून गोल झाली, गोल दुहेरी झाला. पुण्याच्या चाळीस लोकांनी एवढी वर्षं माना हलवल्या होत्या. इथे दीडशे माणसं एकाच वेळी पाय आपटत होती, आणि ती त्याच्या बोटाच्या तालावर आपटत होती.  

तीन गाणी अशी गेली. चौथ्याच्या मध्यावर त्याच्या कानाला काहीतरी खटकलं. पाचव्याला ते सगळ्यांनाच खटकायला लागलं. खर्ज वर चढत होता. बेंजोच्या तारा उन्हाने ढिल्या पडून खाली उतरत होत्या. एकाच घरातले दोन भाऊ बांधावरून भांडून दोन दिशांना निघावेत, तसे दोघे लांब लांब चालले होते.

नवसाबाई नाचता नाचता थांबली. “देवराम, ते खोकं रडतंय का रं?”

देवरामने गाणं आटपलं. गळ्यात दोरीला बांधलेली चावी काढली, बेंजोच्या खुंट्या चार-दोन पीळ देऊन जागेवर आणल्या. अर्धं मिनिट लागलं. मग म्हणाला, “साहेब, तुमचं पण घ्या लावून.”

धम्मपालने थर्मामीटर काढला. हवा अडतीस. खर्जच्या खालचा पत्रा बावन्न. फोनवर सूर मोजला. पस्तीस भाग वर.

“खोकं वर गेलंय,” तो म्हणाला.

“ते म्हशीला पण कळलं. खाली आणा.”

“येत नाही. स्क्रू आत आहे. सील केलाय.”

“आत?” देवरामला कळेना. “सूर लावायचं आत कोण ठेवतं? कुणी केलं हे?”

धम्मपालने मांडवाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. दोन्हीकडे कुणी दुसरा गुन्हेगार दिसला नाही.

“मी.”

मग उपाय सुरू झाले. कुणीतरी ओलं गोणपाट आणलं. कुणीतरी सरबताच्या पिंपातला बर्फ आणला आणि खर्ज परातीत बर्फावर बसवला. पाच मिनिटं बरी गेली, मग खर्ज गार पडून खाली घसरायला लागला. जनरेटरवाला म्हणाला, सरळ बर्फाच्या कारखान्यातच लग्न लावलं असतं तर? दीडशे पिवळी माणसं हात कमरेवर ठेवून गाडीकडे बघत उभी होती. लहान पोरंसुद्धा.

धम्मपालपुढे एक वाट होती आणि ती चांगली डांबरी होती. अहवालाच्या दुसऱ्या पानावर ‘मर्यादा’ या मथळ्याखाली त्यानेच लिहिलं होतं: हे निष्कर्ष एकोणीस ते एकवीस अंशांपुरते वैध. म्हणजे अहवाल खोटा नव्हताच. वायर काढायची, पेटी फोममध्ये घालायची आणि निघायचं. उद्या आठ वाजून दहा मिनिटांनी पत्रे कापले जातील, उत्तराला अडचण नाही, सही जागच्या जागी. त्याने देवरामला तसं सांगूनही पाहिलं.

“हे एकोणीस ते एकवीस अंशांसाठी पास आहे.”

“एकवीस अंश?” देवराम म्हणाला. “आमच्याकडं ते जानेवारीत पहाटं असतंय. तवा कोण लगीन करतंय?”

आणि सील तोडलं, तर त्याच्याच पट्टीवर त्याच्याच सहीने लिहिल्याप्रमाणे अहवाल रद्द. उद्या सकाळी उत्तराच्या हातात पास झालेली वस्तूच नाही. दोनशे पत्रे नॉबच्या भोकाशिवाय कापले तर ते भंगार, न कापले तर दीड महिना थांबा. जूनचा शब्द गेला.

पण दोनशे लोकांच्या घरात वीस अंश कुठून येणार, हा प्रश्न त्याला कुणीतरी कानाखाली वाजवावी तसा आत्ता सुचला होता. चोवीस तास त्या पेटीला थंडाव्यात झोपवलं कुणी? बरोबर निघालेला एक नॉब उपटून काढला कुणी?

“पेचकस आहे का?” त्याने विचारलं.

पिकअपच्या ड्रायव्हरने पेचकस दिला. धम्मपालने नखाने पहिली पट्टी फाडली. आपलीच सही मधोमध फाटताना बघायला विचित्र वाटतं. चौथी पट्टी फाडेपर्यंत सवय झाली. झाकण काढलं, लाखेचा थेंब खरवडला, खिशातल्या चाव्यांच्या जुडग्यातला बारीक पेचकस स्क्रूला लावला. एक पीळ. खर्ज जागेवर आला.

पण एक हात पट्ट्यांवर, दुसरा आवाज गाळायच्या नॉबवर, तर स्क्रूला तिसरा हात आणायचा कुठून? तो हात नवसाबाईने दिला. ती गाडीच्या फाळक्यावर चढून बसली, हळदीचा अंगठा पदराला पुसल्यासारखा केला आणि पेचकस धरला.

“तू वाजव. मी बघते.”

“बाई, हळूच. अगदी थोडं. मी सांगेन तेव्हाच—”

“तुला काय सांगायचंय? मला कान नाईत?”

तिने धम्मपालला एकदाही विचारलं नाही. बेंजो उतरला की ती खर्ज उतरवायची, देवरामने चढवला की चढवायची, गाणं चालू असतानाच. फोनवर मोजून बघितलं तर कधी तीन भाग चुकायचे, कधी चार. मग धम्मपालने फोन खिशात ठेवला. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत गोल फुटला नाही. खर्जच्या पोटात, सर्किटांच्या मधोमध, एक पिवळा अंगठा कायमचा उमटला.

रेंज गावाबाहेरच्या चढावर यायची. सहा वाजता त्याने तिथे मोटारसायकल लावून उत्तराला फोन केला आणि सगळं, थर्मामीटरच्या आकड्यांसकट, सांगितलं. 

“नॉब मी बाहेर ठेवला होता,” उत्तरा म्हणाली.

“हो.”

“वर. अंगठ्याशी.”

“हो.”

“पुन्हा म्हण.”

“हो म्हटलं ना.”

“पूर्ण वाक्यात.”

“नॉब काढायला मी लावलं आणि ते चुकलं.”

“थांब, स्पीकरवर टाकते. बाबा, जरा इकडे या. हा काय म्हणतोय ऐका.”

त्याने गोविंदगुरुजींसाठी वाक्य पुन्हा म्हटलं. मागे अकरा यजमानांपैकी कुणीतरी विचारलं, काय झालं? गुरुजी म्हणाले, “काही नाही. घंटेला दोरी लावायची राहिली होती.”

“आता काय करू?” उत्तराचा आवाज एकदम बारीक झाला होता. “सकाळी आठ दहा आहे, धम्मा.”

“भोक परत घाल. मी साडेसातला प्रफुल्लकडे येतो.”

सोमवारी ते दोघं पोहोचले तेव्हा मशीनवर पत्रा चढलेला होता. उत्तराने ड्रॉइंग पुढे केलं. रात्रीच्या स्वयंपाकाआधी तिने ते बदललं होतं. प्रफुल्लने ते बघितलं, मग धम्मपालकडे बघितलं. गेल्या वर्षी याच माणसाने त्याचे चारशे ब्रॅकेट पाव मिलिमीटरसाठी परत पाठवले होते. देव एवढा लवकर हिशेब करेल असं प्रफुल्लला वाटलं नव्हतं.

“या या, मायक्रॉनसाहेब. बदल आहे म्हणता? तपासणीचा कागद?”

“अहवाल रद्द झालाय.”

“कुणी केला?”

“मीच.”

“अरे वा! मग नापास वस्तूचा पत्रा मी कसा कापू? कागदाशिवाय एक भोक इकडचं तिकडे करायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं?” प्रफुल्लने ऑपरेटरकडे वळून विचारलं, “कुणी शिकवलं रे?”

ऑपरेटरने अदबीने धम्मपालकडे बोट दाखवलं.

“पुन्हा चाचणी करून कागद देतो,” धम्मपाल म्हणाला. “उघड्यावर, दुपारची. तीन-चार दिवस लागतील.”

“आठला चार मिनिटं कमी आहेत.”

 उत्तरा मशीनवरच्या पत्र्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर धम्मपालला बरं वाटलं असतं.

कारखान्यात एक कागद असतो, त्याला डेव्हिएशन म्हणतात. वस्तू पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण अमुक अटीवर पुढे जाऊ द्या, काही झालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची. धम्मपालने असा कागद आजवर एकदाही भरला नव्हता. एका प्रॉडक्शन मॅनेजरने त्यासाठी त्याच्यापुढे हात जोडले होते, तेव्हा त्याने त्यांना पाणी पाजून परत पाठवलं होतं.

“फॉर्म आहे का?” त्याने विचारलं.

प्रफुल्लने ड्रॉवरमधून इतक्या झटपट काढला की तो तयारच ठेवलेला असावा.

धम्मपालने उभ्याउभ्या भरला. कारण: तपासणाऱ्याची चूक. अट: येत्या गुरुवारी उघड्यावर फेरचाचणी, फसल्यास दुरुस्ती तपासणाऱ्याने स्वतः, दोनशेच्या दोनशे पेट्यांची, माडीवर बसून. उत्तराने खांद्यावरून वाचलं.

“जेवण मिळणार नाही,” ती म्हणाली.

“लिहू का तसं?”

“लिही.”

त्याने लिहिलं. मग ड्रॉइंग ओढून घेतलं आणि भोकाचं माप सात मिलिमीटरवरून नऊ केलं.

“आता हे काय?”

“जाड दांड्याचा मोठा नॉब बसव. हात तेलाचे असतात, हळदीचे असतात. बारीक नॉब निसटतो.”

“नऊ कशावरून?”

“बघितलंय,” तो म्हणाला, आणि सही केली.  प्रफुल्लने त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक फाइलला, दुसरी कुठे जाणार ते सांगितलं नाही.

आठ वाजून अकरा मिनिटांनी ठिणग्या उडायला लागल्या. उत्तराने एका मिनिटाचा उशीर घरी सांगायचा नाही असं ठरवलं.

धम्मपाल तिथून थेट आपल्या कारखान्यात गेला आणि रजेचा अर्ज घेऊन मॅनेजरपुढे उभा राहिला. मॅनेजरने वाचलं. वार: गुरुवार. कारण: उपकरण चाचणी. ठिकाण: हरसूलजवळचा एक मांडव. मॅनेजरने चष्मा वर केला.

“गांगुर्डे, लग्न कोणाचं आहे?”

“ठाऊक नाही, साहेब. देवरामला विचारावं लागेल.”

“आणि ही चाचणी किती वेळ चालणार?”

“दुपारी तीनला सुरू होईल,” धम्मपाल म्हणाला. “संपवायचं आपल्या हातात नसतं. बायका थांबतात तेव्हा थांबते.”